फिकट रेघ

पितांबर आला शनिवारी, दुपारी दोनच्या उन्हात,
अमळनेरच्या गाडीने, डोक्यावर ओला रुमाल.
एका खिशात पाइप कंपनीचं पत्र:
क्रेन ऑपरेटर, सोमवारी दहाला लघवी तपासणी.
दुसऱ्या खिशात चपटं पाकीट,
मेडिकलवाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेलं,
बायकांचं काही देतात तसं.

"ताई, तू लॅबमा शे. तूच वाच."

मी आधी पाकीटच वाचलं.
तीस अंशांखाली ठेवावे.
ते दुकान स्टँडसमोर, काचेवर पश्चिमेचं ऊन,
आणि मे महिन्यात आमच्या जळगावात
तीस अंश भेटले तर पहाटे चारला,
तेही चोरासारखे, लगेच पसार.
मुदत संपायला पाच महिने होते.
पण मुदत कागदाची. पट्टी तर उन्हात उभी होती.

शेवटचं कधी, मी विचारलं.
रावेरला केळीच्या गाड्या भरताना, रात्रपाळीत,
गोलात चिलीम फिरायची,
नाही म्हटलं तर म्हणायचे, शिकेल शे, माजना.
एकवीस दिवस झाले. त्याने कॅलेंडरवर
गॅस सिलिंडरच्या तारखेसारखी खूण केली होती.
एकवीस पुरतात का?
कुणाला पुरतात, कुणाला नाही.
चरबीत बसतं ते, मी म्हटलं.
त्याने स्वतःच्या बरगड्या चाचपल्या.

सकाळपासून पाच तांबे पाणी, आमच्याकडे आल्यावर अजून दोन.
मोरीतून बाहेर आला तेव्हा हातातला ग्लास
नळाच्या पाण्याइतका निर्मळ.
हे तपासून काय कळणार, वेड्या?
विहिरीत चमचाभर मीठ टाकायचं आणि चव बघायची.
भरीत-भाकर खाऊन, रात्री, परत.

पाच मिनिटं. एक रेघ आली, लाल, ठळक.
ती एवढंच सांगते की पट्टी जिवंत आहे.
दुसरी आली. म्हणजे, आली असं वाटलं.
ट्यूबलाइटखाली होती, मोबाइलच्या उजेडात नव्हती.

"दोन म्हंजे गयू ना मी?"
नाही रे. इथे दोन म्हणजे कोरा,
एक म्हणजे सापडला.
फिकट असली तरी रेघ ती रेघ, पाकिटावर तसंच लिहिलंय.
तो हसला. "उलटंच शे हाई.
तुन्या टायमाले दोन म्हंजे पेढा व्हतात."
मग एकदम गप्प झाला.

त्याच दुकानातली पट्टी, तीन वर्षांपूर्वीची,
दोन रेघा, लख्ख, शंकेला जागा नाही.
आणि आठव्या आठवड्यात सोनोग्राफीवाल्या मॅडमने
पडदा जरासा पलीकडे फिरवला.
पट्टी खोटं बोलली नव्हती.
तिला विचारलं तेवढंच तिने सांगितलं होतं.

नवरा सराफ बाजारात बसतो, दिवसभर कसोटीवर घासतो.
ताटावरून न उठताच म्हणाला,
दगड वरचं सांगतो. आतलं कळायला वितळवावं लागतं.
"मंग सोमवारले माले वितळावतीन का?"

सोमवार, दहाला पाच कमी.
खिडकीशी रांग, सगळे इस्त्रीचे शर्ट, सगळ्यांकडे तेच पत्र.
कंपनीची तपासणी आमच्याच लॅबमध्ये होती,
हे मी घरी बोलले नव्हते.
सतरा नंबर.
मी ओळख दाखवली नाही, त्यानेही.
बाटली कोमट होती, असायला हवी तशी.
सील लावलं. सह्या झाल्या.
त्याची सही सरळ आली, माझी थोडी हलली.
इथल्या पट्टीचा उंबरठा खाली आहे,
घरची ज्याला सोडते त्याला ही अडवू शकते,
आणि हिलाही शंका आली
तर बाटली पुण्याच्या यंत्राकडे जाते.
काचेपलीकडून तो बघत होता.
मी पुढचा नंबर पुकारला.

घरी मोरीच्या खिडकीत शनिवारची पट्टी तशीच पडलेली.
दहा मिनिटांनंतर वाचू नये, असं लिहिलंय.
मी वाचली.
दुसरी रेघ आता चांगली ठळक होती.
उन्हाने आणली असेल.